नव्वदातून पंचेचाळीस

"शून्य चार पाच," जनूकाका म्हणाले. "लिवलंस?"

"लिवलंय."

"शून्य लिवलंस?"

"लिवलंय ओ काका, शून्यासकट लिवलंय."

वारा पत्र्यावर असा आपटत होता की एवढं बोलायलाही आम्हाला ओरडावं लागत होतं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पाटबंदरच्या मच्छीमार सोसायटीची वायरलेसची खोली जेट्टीच्या टोकाला होती, आणि तिच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण होता. खाली खोलीत त्याची तबकडी, तबकडीवर काटा, आणि काट्यापुढे जनूकाका. सकाळचे आठ वाजले होते. दाराशी बाकावर माझी सुगंधावहिनी बसली होती आणि तिचं सगळं लक्ष वायरलेसच्या पेटीकडे होतं, कारण पेटीतून माझ्या भावाचा आवाज यायचा बंद होऊन तास झाला होता.

माझा भाऊ हेमूदादा 'भगवती' या होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान. बरोबर तीन खलाशी. इंजिन बंद पडलं, पंपातून पाणी निघेना, आणि नैर्ऋत्येकडून अचानक असं वारं उठलं की होडी पाचोळ्यासारखी चालली. सात वाजून पाच मिनिटांनी त्याने आपली जागा कळवली आणि म्हणाला, "ताशी चार किलोमीटरान सरकतंव. बॅटरी जाता..." आणि बॅटरी गेलीच.

त्याला शोधायला दाजी कुबल आपली होडी 'जयलक्ष्मी' घेऊन निघाले होते. पण समुद्र म्हणजे काही तळं नाही की काठावर उभं राहिलं आणि दिसलं. हवा धुरकट, उसळत्या पाण्यात दीड किलोमीटरपलीकडे होडी दिसायची नाही. दाजींना कुठे जायचं ते कोणीतरी नेमकं सांगायला हवं होतं. दर तासाला वारा कुठे ढकलतो आहे ते पाहायचं, त्या दिशेला चार किलोमीटर पुढे जायचं, आणि भगवती आता कुठे असेल ते काढायचं. एवढाच हिशेब. आणि तो हिशेब मी करत होते.

जनूकाका, म्हणजे जनार्दन टिकम, नौदलात सिग्नलमन होते. निवृत्त होऊन गावी आले आणि त्या खोलीत जे बसले ते बसलेच. त्यांचा एक नियम होता, आणि त्यापायी त्यांनी अर्ध्या बंदराच्या शिव्या खाल्ल्या होत्या. दिशा कायम तीन आकडी. पंचेचाळीस नाही, शून्य चार पाच. दोनच आकडे दिसले की समोरच्याने समजायचं, एक आकडा कुठेतरी सांडला. कोणी नुसतं पंचेचाळीस लिहिलं की पान फाडायचे आणि म्हणायचे, "पुना लीव." मीही दोनदा पान फाडून घेतलं होतं. वीस वर्षांत त्या खोलीतून एक चुकीचा आकडा बाहेर गेला नाही हे ते स्वतः कधी सांगत नसत. बाकी सगळे सांगत.

एरवी हा हिशेब ते स्वतः नकाशावर पट्टी-पेन्सिलीने करायचे. पण बाराच दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी, आणि दुसरा डोळा पहिल्याचा भाऊ. तबकडीवरचा ठळक काटा दिसे, नकाशावरच्या बारीक रेघा दिसत नसत.

आणि मी तिथे होतेच. बावीस वर्षांची, कुडाळला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली वैजयंती मोंडकर. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसा माझा होता. मुंबईच्या एका संस्थेने सोसायटीला जुना कॉम्प्युटर भेट दिला होता. त्यात चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, माऊस नाही. नुसता काळा पडदा आणि आज्ञेची वाट पाहत उघडझाप करणारी एक रेघ. त्या रेघेच्या मागे जो बसलेला असतो त्याला शेल म्हणतात. आपण टाइप करायचं आणि त्याने ऐकायचं, असा तो एक मुका कारकून. मी त्याच्याकडून बेरजा-वजाबाक्या करून घ्यायला शिकले होते. कोनांचं अवघड गणित आलं की तो ते 'बीसी' नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवायचा. अशा चार ओळी लिहून मी एक यंत्रणा बसवली होती. तास, दिशा, वेग दिला की होडीची जागा बाहेर. चार महिने जनूकाकांनी माझं उत्तर आणि आपली पेन्सिल ताडून पाहिली. एकदाही फरक निघाला नाही.

"बरा करता गो तुझा मशीन," ते एवढंच म्हणाले होते. मी त्या एका वाक्यावर आठवडाभर हवेत होते.

नऊ वाजता दिशा आली शून्य चार सहा. दहाला शून्य चार सात. अकराला परत शून्य चार पाच. बाराला शून्य चार चार. मी टाइप करत गेले, जागा येत गेली, जनूकाका ती माइकवरून दाजींना सांगत गेले. सगळं कसं झोकात चाललं होतं. वहिनी मध्येच विचारायची, "कितके वाजले?" आणि मी सांगितलं की पुन्हा पेटीकडे बघायची.

बारा वाजून पंचावन्न मिनिटांनी पेटी खरखरली.

"पाटबंदर, जयलक्ष्मी. दाजी बोलतंय. तुम्ही सांगितलास थय पोचलंय. हय काय एक नाय. ओव्हर."

"नीट बघा दाजी," काका म्हणाले. "एखादो किलोमीटर हयथय असतली."

"तीन फेरे मारलंय. डोळे फुटले. पण वायव्येक एक निळो पिंप तरंगताना गावलो. भगवतीचोच असतलो. मी थय जातंय. ओव्हर."

वहिनी उभी राहिली. "पिंप? आमच्याकडे निळो पिंप आसा, वैजू."

निळं पिंप त्या किनाऱ्यावर कोणाकडे नव्हतं? पण तिला तसं सांगवेना. मी पडद्याकडे वळले. एवढ्यात तबकडीपुढून काका ओरडले, "एक वाजताचो आकडो. शून्य चार आठ."

मी टाइप केलं. आणि सकाळपासून निमूटपणे उत्तरं देणारा तो कारकून पहिल्यांदा अडला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. 048 ही संख्या बसत नाही, असं तो म्हणत होता.

मला वाटलं, घाईत चुकीची कळ दाबली गेली. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मग मी वैतागून पुढचं शून्य काढून नुसतं 48 दिलं. झटकन उत्तर आलं. मी सुस्कारा टाकला आणि जागा कागदावर उतरवून घेतली.

उतरवता उतरवता माझा हात थांबला. शून्य असताना बसत नव्हती ती संख्या शून्य काढल्यावर कशी बसली? अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस, पुढे शून्य असो की नसो. आणि अठ्ठेचाळीस बसत नाही, तर सकाळपासून पंचेचाळीस कसे बसले?

माझ्या यंत्रणेतली पहिली पायरी अगदी साधी होती. नव्वदातून दिशा वजा करायची. मी तेवढीच पायरी हाताने टाइप केली.

echo $((90-045))

नव्वदातून पंचेचाळीस गेले तर उरतात पंचेचाळीस. पहिलीतलं पोरही सांगेल. पडद्यावर आले त्रेपन्न.

मी पुन्हा टाइप केलं. त्रेपन्न.

डिप्लोमाच्या पुस्तकात एक ओळ होती. परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी ती सोडून दिली होती. पुढे शून्य असलेली संख्या दिसली की शेल ती आपल्यासारखी दहाने मोजत नाही, आठाने मोजतो. शून्य चार पाच म्हणजे त्याच्या लेखी चार आठे बत्तीस आणि पाच, सदतीस. आठाच्या त्या मोजणीत आठ आणि नऊ हे आकडेच नसतात, म्हणून तो अठ्ठेचाळीसला अडला. सकाळपासून, सातचा धरून, सहा आकडे आले, त्यांत ना आठ होता ना नऊ, म्हणून तो एकदाही अडला नाही. गुपचूप चुकत राहिला. आणि चार महिन्यांच्या चाचणीत हे दिसलं नाही कारण तेव्हा वारं सगळं वायव्येचं होतं. दिशा एकशे तीस, एकशे चाळीस. पुढे शून्य लावायची वेळच आली नव्हती.

सकाळपासून प्रत्येक तासाला मी माझ्या भावाला आठ अंशांनी भलतीकडे ढकलत होते.

सगळ्या दिशांची शून्यं काढून मी हिशेब पुन्हा केला. प्रत्येक आकडा दोनदा ताडून टाइप केला. भगवती आम्ही सांगितलेल्या जागेपासून तीन-साडेतीन किलोमीटर आग्नेयेला होती. किनाऱ्याच्या बाजूला.

"काका," मी म्हणाले. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि वहिनीकडे पाठ करून सांगितलं. "काका, माझा चुकला. सकाळपासून. सगळा."

त्यांनी काय, कसं, काही विचारलं नाही. "नवी जागा सांग."

मी सांगितली. त्यांनी नकाशा ओढला, नाक जवळजवळ कागदाला लावलं आणि त्या एका डोळ्याने पेन्सिलीची रेघ मारली. मग ती पुढे वाढवली. अजून दोन तासांवर ती रेघ कावळ्याच्या दातांत शिरत होती. कावळ्याचे दात म्हणजे आमच्या बंदराच्या उत्तरेला पाण्यात उभे असलेले खडक. भरतीला ते दिसत नाहीत, आणि त्या दिवशी तीनला भरती होती.

काकांनी माइक उचलला. "जयलक्ष्मी, पाटबंदर. दाजी, मागे फिर. आग्नेयेक ये. नवी जागा लिवन घे."

"काय?" दाजींचा आवाज फाटला. "हिसाब बदललो?"

"बदललो."

"कोणी बदलल्यान? त्या चेडवाच्या मशिनीन? जनू, आयक. मशिनीन माका एकदा फिरवल्यान. माझ्याकडे डिझेल एका बाजूपुरताच उरलाहा. पिंप गावलाहा तो वायव्येक, आणि तू माका उलटो धाडतंस? मी नाय फिरणंय. ओव्हर."

चेडू म्हणजे पोरगी. म्हणजे मी. मी माइककडे हात केला. दाजींना सगळं समजावून सांगावं असं मला वाटलं. शून्य, आठाची मोजणी, त्रेपन्न, सगळं. आज विचार केला की हसू येतं. त्या वाऱ्यात, त्या उसळीत, सुकाणू धरून उभ्या असलेल्या माणसाला मी काय समजावणार होते? मशीन आधी चुकलं होतं पण आता चुकणार नाही, यावर कोण विश्वास ठेवील? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि इथे तर मी त्याला पुन्हा दूधच पाजायला निघाले होते.

काकांनी माझा हात बाजूला केला. मग बोलले ते अगदी हळू.

"दाजी, जनू बोलतंय. मशीन बरोबर आसा. चूक माझी आसा."

काकांनी माइक आणखी जवळ घेतला.

"डोळ्यार पट्टी आसा माझ्या. सकाळपासून काटो मी चुकीचो वाचलंय. आठ अंश. चेडवान आता येवन बघल्यान म्हणान कळला. ती होडी कावळ्याच्या दातांर जाता. दाजी, मी चुकलंय. फिर. ओव्हर."

बाकावरून वहिनी उठून आली होती आणि काकांकडे अशा नजरेने बघत होती की मला ते पाहवेना.

मग दाजी म्हणाले, "तू चुकलंस?"

"मी चुकलंय."

"जागा सांग."

काकांनी जागा सांगितली, दाजींनी ती तीन आकडी दिशेसकट परत म्हणून दाखवली, आणि पेटी गप्प झाली.

"काका, तुम्ही..." मी म्हणाले.

"गप," काका म्हणाले. "होडी येयपर्यंत गप रव. आता तू तोंड उघडलंस तर तो परत गोंधळतलो. मगे सांग सगळ्यांका काय ता."

पुढचा दीड तास कसा गेला ते मी सांगू शकत नाही. मला आठवतं ते एवढंच की वहिनी काकांपासून दूर, दाराबाहेर जाऊन बसली, आणि काका दर दहा मिनिटांनी काटा वाचत होते आणि मला आकडा देत होते, शून्यासकट. मी ते शून्य काढून टाइप करत होते.

पावणेतीनला पेटी बोलली. "गावली! भगवती गावली! चारय जण आसत. दोर टाकलंय. दातांर फुटणारो फेस हयसून दिसता, रे देवा..."

वहिनी धावत आत आली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. मी तिला मिठी मारली. मीही रडत होते. काकांनी रजिस्टर ओढलं, वेळ लिहिली, आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: दिशा वाचण्यात चूक, ऑपरेटर. आणि सही केली.

चार वाजता जेट्टीवर अख्खं गाव होतं. एका खलाशाचा हात मोडला होता, हेमूदादाच्या कपाळाला खोक पडली होती, पण चौघे आपल्या पायांनी उतरले. दादाला कोणीतरी झालेलं सांगितलं. तो काकांजवळ गेला आणि म्हणाला, "जनूकाका, दिसत नाय होता तर बसलास कित्याक खुर्चीत?" काकांनी मान खाली घातली. मी दोन हातांवर उभी होते. होडी आली होती. 'मगे' आलं होतं. मी बोलले नाही.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. तो उद्या उजाडला, सोसायटीची बैठक झाली. काकांना विश्रांती द्यावी असं ठरलं, आणि वेळेवर चूक पकडली म्हणून मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ हातात असताना कसं सांगायचं? मग ती खुर्ची मला मिळाली. खुर्चीत बसून कसं सांगायचं? एकदा टाळलं की दुसऱ्यांदा टाळणं सोपं जातं. तिसऱ्यांदा तर टाळतो आहोत हेही लक्षात येत नाही. काकांनीच गप्प बसायला सांगितलं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांनी सांगितलं होतं ते होडी येईपर्यंत. पण मनाची वकिली करायला बसलं की शब्द कमी पडत नाहीत.

दादाने काकांशी धड बोलणं सोडलं. त्याच्या मुलाच्या बारशाला गाव जेवलं, काकांना बोलावणं गेलं नाही. मी पंगतीत वाढत होते.

काका मात्र खोलीत येत राहिले. संध्याकाळी यायचे, बाकावर बसायचे, काटा बघायचे. एकदा खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "काका, त्या दिवसाचा..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. मी चहा घेणार का म्हणून विचारलं. ते हो म्हणाले.

अशी अठरा वर्षं गेली. गेल्या श्रावणात जनूकाका गेले, झोपेत, कोणालाही त्रास न देता. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. त्यांच्या फोटोला मीच हार घातला. लोक बोलले. मग हेमूदादा उठला. आता त्याचे केस पांढरे झालेत.

"जनूकाकांसारखो माणूस होवचो नाय," तो म्हणाला. "हयात गेली, आकडो चुकलो नाय. एक दिवस सोडलो तर. आणि तो दिवस नेमको आमचो होतो. जावंदे. गेलेल्या माणसाबद्दल आता राग नाय."

त्याने मोठ्या मनाने माफ केलं होतं. आणि त्याची ती माफी मला सहन झाली नाही. मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, अठरा वर्षांत ठरवलं नव्हतं.

"तो आकडो माझो होतो," मी म्हणाले. "जनूकाकांनी काटो बरोबर वाचलेल्यांनी. सकाळपासून सगळो हिसाब मी चुकवलंय. दाजी फिरूचे नाय म्हणान काकांनी आपल्यार घेतल्यांनी."

दादा माझ्याकडे बघत राहिला, त्याचं तोंड उघडं होतं. वहिनीने पदर तोंडाला लावला. मग पुढच्या रांगेतून काठीवर भार देत दाजी कुबल उठले. दाजींना आता नीट ऐकू येत नाही, पण हे त्यांना ऐकू आलं होतं.

"माका ठावक होता," ते म्हणाले.

"कोणी सांगितला?" मी विचारलं. "काकांनी?"

"तो कशाक सांगतलो? पण जनू आकडो चुकतलो? एका डोळ्यान काय, डोळे मिटान तो वारो सांगी होतो. तो माणूस आपल्या तोंडान 'मी चुकलंय' म्हणता, म्हणजे थय खराच माणसा मरतत, एवढा माका कळला. म्हणान फिरलंय."

"मग तुम्ही इतकी वर्सा गप कित्याक रवलास?"

"मी दर शिमग्याक तेका इचारी होतंय," दाजी म्हणाले. "जनू, त्या चेडवाचा आता तरी सांगूया सगळ्यांका? तो म्हणायचो, नको. ता चेडू आपणच सांगतला. घाय कित्याक? ह्या शिमग्याकय इचारलंय. तेव्हाय तोच जबाब. ता सांगतला."

ते खाली बसले. मी उभीच राहिले. काका दर संध्याकाळी त्या बाकावर काटा बघायला येतात असं मी अठरा वर्षं समजत होते.